पिंग जातं, पण फोल्डर उघडत नाही

आदल्या रात्रीपर्यंत जुन्या नॅसवरचा (नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या पेटीवरचा) शेअर्ड फोल्डर माझ्या लिनक्सवर विनातक्रार जोडला जात होता. रात्री कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झाला आणि सकाळी ओळ आली : 'माउंट एरर (११२): होस्ट इज डाउन'. म्हणजे समोरचं मशीन बंद. उठून पाहिलं, तर नॅसचे दिवे लुकलुकत होते. पिंग केलं, उत्तर येत होतं. केबल बदलली, राउटर बंद-चालू करून झाला, अर्धा दिवस गेला. कारण भलतंच निघालं. त्या नॅसला नेटवर्कवरून फाइली शेअर करण्याच्या एसएमबी या प्रोटोकॉलची फक्त पहिली आवृत्ती येत होती, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या ४.१३ कर्नलपासून लिनक्सने आपणहून ती बोलणं सोडलं होतं. माउंट करताना आवृत्ती स्पष्ट सांगितल्यावर फोल्डर निमूट जोडला गेला.

वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या शेअरिंगमध्ये असं फार होतं. काहीही मोडलेलं नसतं. कोणीतरी कधीतरी घेतलेला निर्णय आज आपल्याला आडवा येतो. आणि एररचा मजकूर त्या निर्णयाबद्दल चकार शब्द काढत नाही.

एसएमबीची सुरुवात १९८३ च्या सुमाराची, आयबीएममधल्या बॅरी फायगनबाउम यांची. दुसऱ्या मशीनवरची डिस्क डॉस या तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टीमला आपलीच वाटावी, एवढाच हेतू होता. खालची वाहतूक नेटबायोस या नेटवर्क-व्यवस्थेकडे होती. त्यात मशीनचं नाव जास्तीत जास्त १५ अक्षरांचं, आणि कोणाला शोधायचं तर नेटवर्कभर हाळी द्यायची : अमुक नावाचं कोण आहे? एका खोलीतल्या दहा-वीस मशीनसाठी हे ठीक होतं. १९८७ मध्ये हीच रीत इंटरनेटच्या टीसीपी-आयपीवर बसवली गेली. पोर्ट, म्हणजे मशीनची क्रमांकाने ओळखली जाणारी दारं, १३७ ते १३९ तिथून आले. विंडोज २००० ने नेटबायोसला वगळून थेट ४४५ वर बोलायला सुरुवात केली, तरी जुनी पोर्टं चालूच राहिली. फायरवॉलमध्ये आजही लोक चारही पोर्टं उघडून बसतात ते यामुळेच.

विंडोजमध्ये आसपासची मशीनं दाखवणारी 'नेटवर्क नेबरहुड'ची यादी हे त्याच काळाचं अपत्य. ती यादी कोणी सांभाळायची हे ठरवायला मशीनं आपसांत चक्क निवडणूक घेत. जिंकलेलं मशीन कोणी बंद केलं की पुन्हा निवडणूक. त्यामुळे बंद झालेलं मशीन बराच वेळ यादीत दिसायचं आणि चालू असलेलं दिसायचं नाही. यादीत दिसणं आणि फोल्डर उघडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हापासून खरं आहे.

सन कंपनीने १९८४ मध्ये आणलेल्या एनएफएसची, म्हणजे युनिक्सकडच्या फाइल-शेअरिंगची, विश्वासाची कल्पना निराळी होती. तिथे सर्व्हर पासवर्ड विचारत नाही. समोरचं मशीन वापरकर्त्याचा जो क्रमांक सांगेल तो खरा मानायचा. सगळी युनिक्स मशीनं एकाच व्यवस्थापकाच्या हाताखाली असतील तर बिनघोर. पण मॅकवर पहिल्या वापरकर्त्याला ५०१ क्रमांक मिळतो आणि उबुंटूवर १०००. नाव दोन्हीकडे एकच, माणूस एकच. तरी फोल्डर जोडला जातो, फाइली दिसतात आणि सेव्ह करताना परवानगी नाकारली जाते. अशा वेळी पासवर्ड बदलून काय होणार? क्रमांक जुळवावे लागतात.

या दोन जगांमधला पूल हौसेतून झाला. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांना 'डिजिटल' नावाच्या संगणक कंपनीचं एक सॉफ्टवेअर आपल्या पीसीवर चालवायचं होतं. त्यासाठी त्याच कंपनीची पाथवर्क्स ही नेटवर्क प्रणाली लागे, आणि ती घेतली की सनच्या मशीनवरच्या फाइली हातच्या जात. मग १९९१ च्या अखेरीस त्यांनी तारेवरून जाणारे संदेश पाहत पाहत स्वतःच सर्व्हर लिहिला. आपण एसएमबी लिहितोय हेही तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं. पुढे या सर्व्हरच्या नावाचा पेच आला, तेव्हा शब्दसूचीत एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द त्यांनी शोधले. 'सामनबेरी' आणि 'स्क्रँबल' यांच्या सोबतीने 'सांबा' निघाला. मला तरी निवड योग्य वाटते.

पासवर्डचं दुखणंही इथलंच. १९९७ मध्ये विंडोज एनटी ४ च्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकने उघडा पासवर्ड पाठवणं बंद केलं. ते बरोबरच होतं. पण युनिक्स पासवर्डचा हॅश (त्यावरून काढलेला, उलट न फिरवता येणारा ठसा) ज्या पद्धतीने ठेवतं, त्यावरून विंडोजने पाठवलेलं कूट उत्तर पडताळता येत नाही. म्हणून सांबाला पासवर्डांची स्वतःची वेगळी वही ठेवावी लागली. लिनक्सचा लॉगिन पासवर्ड बदलला तरी विंडोजवरून जुनाच चालतो, किंवा नवा वापरकर्ता तयार केला तरी त्याला शेअरमध्ये शिरता येत नाही, याचं कारण बहुतेक वेळा ही वही असते.

ट्रिजेल यांना जे तारेवरून ऐकून शिकावं लागलं, त्याचे कागद मिळायला कोर्टाची पायरी चढावी लागली. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध निर्णय दिला, न्यायालयाने २००७ मध्ये तो उचलून धरला, आणि त्याच डिसेंबरात १०,००० युरो भरून सांबाच्या मंडळींसाठी ते दस्तऐवज मिळवले गेले. ॲपलने मात्र २०११ मध्ये सांबा काढून आपली एसएमबी लिहिली. दोन वर्षांनी मॅकच्या मॅव्हरिक्स आवृत्तीत एएफपी या घरच्या शेअरिंग प्रोटोकॉललाही मागे सारून एसएमबीची दुसरी आवृत्ती मुख्य केली.

मग १२ मे २०१७. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय पसरला तो विंडोजच्या एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या भगदाडातून. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. त्या वर्षीच्या शरद ऋतूतल्या विंडोज १० पासून नव्याने बसवलेल्या मशीनवर ही आवृत्ती येईनाशी झाली. तिच्यासोबत यादीसाठी निवडणुका घेणारी ती 'ब्राउझर' सेवाही (वेब ब्राउझर नव्हे) गेली. लोकांना दिसलं एवढंच, की नेटवर्कची यादी रिकामी आहे. आयपी पत्ता टाइप केला की फोल्डर उघडायचा, पण हे सांगणार कोण? सांबाने २०१९ च्या ४.११ मध्ये पहिली आवृत्ती डीफॉल्ट बंद केली. २०२४ च्या विंडोज ११ मध्ये प्रो आवृत्तीतही एसएमबीच्या संदेशांवर डिजिटल स्वाक्षरी सक्तीची झाली आणि पाहुणा म्हणून बिनपासवर्डचा प्रवेश थांबला. वर्षानुवर्षं पासवर्डाशिवाय चालणारे नॅस त्या अपडेटनंतर 'बिघडले'.

एक अडचण प्रोटोकॉलच्याही खालची आहे, आणि मराठीत लिहिणाऱ्याला ती हमखास गाठते. 'दुसऱ्या'तला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एक अखंड अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता म्हणून. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टीम नावं फोडून ठेवायची. विंडोज आणि लिनक्स जसं येईल तसं ठेवतात. म्हणून अशा मॅकवरून एनएफएसने किंवा आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या साधनाने लिनक्सवर गेलेली 'दुसऱ्या सत्राची टिपणे' आणि विंडोजवरून तिथेच सेव्ह केलेली 'दुसऱ्या सत्राची टिपणे' या लिनक्सच्या लेखी दोन फाइली. एकाच फोल्डरमध्ये, एकाखाली एक, डोळ्यांना अक्षराचाही फरक न दिसणाऱ्या. एक पुसली की दुसरी तिथेच असते, आणि आपण आधी डिलीटच्या कळीवर संशय घेतो.