पल्सारचे कालमापन

पल्सारचे रेडिओ स्पंद पृथ्वीवर नेमके केव्हा पोहोचतात हे मोजून, त्या वेळा अपेक्षित वेळांशी वर्षानुवर्षे ताडून पाहण्याची खगोलशास्त्रीय पद्धत. पल्सार म्हणजे स्वतःभोवती वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा. सूर्याहून अधिक वस्तुमान जेमतेम २० ते २५ किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात दाटलेले असते. त्याच्या चुंबकीय ध्रुवांजवळून निघणारा रेडिओ झोत दर फेरीला आपल्या दिशेने वळला की एक स्पंद नोंदला जातो. एवढा जड गोळा आपली गती सहजासहजी बदलत नाही. त्यामुळे स्पंद लवकर किंवा उशिरा आला, तर त्याचे कारण बहुधा ताऱ्याच्या शेजारी, वाटेत किंवा आपल्याच सूर्यमालेत सापडते.

पहिला पल्सार केंब्रिजजवळच्या वेधशाळेत १९६७ साली सापडला. जॉसलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी अँटनी ह्यूइश यांच्या मार्गदर्शनाखाली काम करत होती. ८१.५ मेगाहर्ट्झवर चालणारी त्यांची दुर्बीण रोज सुमारे ३० मीटर कागदावर नोंद उमटवी आणि ती सगळी डोळ्यांनी तपासावी लागे. त्यातली एक बारीकशी खरवड बेल यांना खटकली. ती ताऱ्यांच्या वेळेनुसार, म्हणजे आकाशातली एक ठरावीक जागा समोर आली की, परत परत येत होती. नोव्हेंबरमध्ये कागद अधिक वेगाने फिरवल्यावर १.३३७ सेकंदांच्या अंतराने येणारे स्पंद स्पष्ट दिसले. १९७४ साली या शोधासाठी ह्यूइश यांना नोबेल मिळाले, बेल यांना नाही. तो कागद इतक्या चिकाटीने वाचला कोणी, हे पाहिले तर तो निर्णय आजही अन्याय्यच वाटतो.

बहुतेक पल्सारचे एकेकटे स्पंद गोंगाटात बुडालेले असतात, शिवाय प्रत्येकाचा आकार वेगळा. म्हणून फेरीच्या कालावधीनुसार नोंदीचे तुकडे करून हजारो तुकडे एकावर एक रचतात. सरासरीतून उमटणारी आकृती मात्र त्या पल्सारची कायमची ओळख असते. ती जुन्या आकृतीवर बसवली की स्पंदाची आगमनवेळ मिळते.

त्याआधी एक मोठा अडथळा पार करावा लागतो. ताऱ्यांमधल्या अवकाशात विरळ मुक्त इलेक्ट्रॉन पसरलेले असतात. ते कमी वारंवारतेच्या लहरींना जास्त रोखतात आणि हा उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. लहरींच्या या मागेपुढे होण्याला अपस्करण, आणि वाटेतल्या इलेक्ट्रॉनांच्या एकूण मापाला अपस्करण-माप म्हणतात. ते ५० असेल, तर ३०० मेगाहर्ट्झची लहर ५०० मेगाहर्ट्झच्या लहरीच्या मागे सुमारे दीड सेकंद रेंगाळते. काही मिलिसेकंदांत एक फेरी घेणाऱ्या पल्सारचा स्पंद अशाने पार पुसला जातो. उपाय म्हणून वारंवारतांचा पट्टा शेकडो अरुंद भागांत विभागून प्रत्येक भाग हिशेबाने मागे सरकवतात, किंवा मूळ विद्युतसंकेतावरच गणिती प्रक्रिया करून अपस्करण पूर्णपणे उलटवतात. याच अडथळ्याचा एक उपयोगही आहे. विजेच्या तारांवरच्या ठिणग्या ५० किंवा १०० हर्ट्झच्या नियमित ठेक्यात येतात आणि शोधप्रणालीला त्या पल्सारसारख्याच भासतात. पण जमिनीवरच्या गोंगाटाला अपस्करण नसते, आकाशातल्या स्पंदाला असतेच.

महाराष्ट्रात हे काम जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपवर, म्हणजे जीएमआरटीवर चालते. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र चालवते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी १४ मध्यभागी दाटीने आहेत, बाकीच्या तीन भुजांवर २५ किलोमीटरपर्यंत विखुरलेल्या आहेत. नवा पल्सार शोधताना अँटेनांनी टिपलेल्या संकेतांच्या नुसत्या शक्तीची बेरीज करतात, त्यामुळे आकाशाचा मोठा तुकडा एकदम पाहता येतो. ठिकाण ठाऊक झाले की संकेतांची कला, म्हणजे लहरींचे चढउतार, एकमेकांशी जुळवून मग बेरीज करतात. दृष्टिक्षेत्र आक्रसते, पण संवेदनशीलता खूप वाढते. जीएमआरटीने शोधलेला पहिला पल्सार २००४ साली जाहीर झाला. एनजीसी १८५१ या गोलाकार तारकागुच्छातला हा तारा ५ मिलिसेकंदांत एक फेरी घेतो आणि अतिशय लांबट कक्षेत १८.८ दिवसांत जोडीदाराभोवती फिरतो.

आगमनवेळ अणुघड्याळावर नोंदली तरी ती लगेच वापरता येत नाही, कारण घड्याळ ज्या पृथ्वीवर आहे तीच फिरते आहे. सूर्याभोवतीच्या प्रवासामुळे स्पंद आठ मिनिटांहून अधिक लवकर किंवा उशिरा येऊ शकतो. म्हणून प्रत्येक वेळ सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रावर नेऊन मोजतात. त्या केंद्राची जागा ग्रहांच्या वस्तुमानांवर ठरते. याच न्यायाने उलट दिशेने जाऊन गुरूचे आणि सेरेस या बटुग्रहाचेही वस्तुमान पल्सारच्या वेळांवरून तपासले गेले आहे.

ही दुरुस्ती किती नाजूक असते हे १९९१ साली दिसले. अँड्र्यू लाइन आणि सहकाऱ्यांनी बी१८२९-१० या पल्सारभोवती सहा महिन्यांत फेरी मारणारा ग्रह सापडल्याचे जाहीर केले. पुढे लाइन यांच्याच लक्षात आले, की पृथ्वीच्या कक्षेची लंबवर्तुळाकृती हिशेबात नीट धरलेली नव्हती. तो ग्रह म्हणजे पृथ्वीच्याच गतीची सावली होती. जानेवारी १९९२ मध्ये अटलांटातल्या परिषदेत त्यांनी भर सभेत दावा मागे घेतला आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. विज्ञानाच्या इतिहासात अशा प्रामाणिकपणाला शोधाइतकेच स्थान मिळायला हवे. त्याच सुमारास अलेक्झांडर वोल्श्चान आणि डेल फ्रेल यांनी बी१२५७+१२ भोवतीचे दोन ग्रह जाहीर केले. त्यांचे भ्रमणकाळ सुमारे ६७ आणि ९८ दिवस निघाले. ते खरे ठरले आणि सूर्यमालेबाहेरचे पहिले खात्रीचे ग्रह म्हणून नोंदले गेले.

रसेल हल्स आणि जोसेफ टेलर यांना १९७४ साली पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या दुर्बिणीतून जोडीदार ताऱ्याभोवती कक्षेत फिरणारा एक पल्सार सापडला. पावणेआठ तासांची ती कक्षा वर्षाला सुमारे ७६ मायक्रोसेकंदांनी आखडते आहे. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळातले तरंग, ऊर्जा वाहून नेतात, या आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताशी हे अगदी जुळले. १९९३ चे नोबेल त्यासाठीच होते. १९८२ साली डॉन बॅकर यांच्या गटाने १.५६ मिलिसेकंदांत फेरी घेणारा पहिला मिलिसेकंद पल्सार शोधला. कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी तेव्हा विद्यार्थीदशेत या गटात होते. असे पल्सार अत्यंत स्थिर असतात. आकाशभर विखुरलेले अनेक मिलिसेकंद पल्सार एकत्र मोजले, तर वर्षे-दशके लांबीच्या गुरुत्वीय लहरी त्यांच्या वेळांत एकसारखी लय उमटवतील, या कल्पनेवर पल्सार कालमापन संच उभे राहिले.

भारतीय संच उन्नत जीएमआरटी वापरतो. जुनी प्रणाली एका वेळी जेमतेम ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा नोंदवी, नवी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत नोंदवते. अँटेनांचे गट पाडून एकाच वेळी ३०० ते ५०० आणि १२६० ते १४६० मेगाहर्ट्झवर मोजमाप करतात, कारण अपस्करण-माप दिवसागणिक किंचित हलते आणि तो फरक गुरुत्वीय लहरीचा परिणाम समजला जाण्याचा धोका असतो. जून २०२३ मध्ये युरोपीय आणि भारतीय संचांनी २५ पल्सारच्या नोंदींवरून अशा लहरींच्या पार्श्वभूमीचा पुरावा जाहीर केला. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधल्या गटांचे निष्कर्षही त्याच वेळी आले. महाप्रचंड कृष्णविवरांच्या जोड्या हा त्यांचा सर्वांत संभाव्य उगम मानला जातो. मात्र प्रत्येक गटाने शोध न म्हणता पुरावा असाच शब्द वापरला. निर्विवाद शोधासाठी लागणारी सांख्यिकीय खात्री त्या नोंदींत नव्हती. ती मिळवण्यासाठी सर्व गटांच्या नोंदी आंतरराष्ट्रीय संचात एकत्र केल्या जात आहेत.