२५ नोव्हेंबरची पार्श्वभूमी: घरातली मारहाण मानवी हक्कांचा प्रश्न कशी झाली

२५ नोव्हेंबर हा स्त्रियांवरील हिंसाचार निर्मूलनाचा दिवस ठरला तो एका राजकीय हत्येमुळे. १९६० साली डोमिनिकन प्रजासत्ताकात राफाएल त्रुहियोच्या हुकूमशाहीला तीस वर्षे होत आली होती. पात्रिया, मिनेर्वा आणि मारिया तेरेसा या मिराबाल भगिनी त्याच्याविरुद्धच्या भूमिगत चळवळीत होत्या. मिनेर्वाने कायद्याची पदवी घेतली होती, पण राजवटीने तिला वकिलीची सनद मिळू दिली नाही. त्या वर्षीच्या २५ नोव्हेंबरला मिनेर्वा आणि मारिया तेरेसा यांच्या तुरुंगातल्या नवऱ्यांना भेटून तिघी परतत होत्या. त्रुहियोच्या माणसांनी वाटेत गाडी अडवली, तिघींना आणि चालक रुफिनो दे ला क्रूझला ठार मारले आणि अपघात वाटावा म्हणून जीप दरीत लोटून दिली. अपघाताची ही कथा लोकांना पटली नाही. पुढच्याच मे महिन्यात त्रुहियोचीही हत्या झाली.

हा खून सरकारने केला होता, कुणा नवऱ्याने किंवा सासऱ्याने नव्हे. तरीही १९८१ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनमधल्या स्त्रीवादी कार्यकर्त्या जमल्या, तेव्हा त्यांनी हीच तारीख निवडली. तिथे घरातली मारहाण, बलात्कार, लैंगिक छळ आणि राजकीय कैदी स्त्रियांवरचे तुरुंगातले अत्याचार यांचा निषेध एकाच दमात झाला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत धाडसी पाऊल हेच. कोठडीतला छळ अन्याय आहे हे जग तोवर मान्य करू लागले होते. चार भिंतींआडचा छळ मात्र ‘नवरा-बायकोचा मामला’ म्हणून सोडून दिला जाई आणि पोलिसही तक्रार करणाऱ्या बाईला समजूत घालून परत पाठवत.

आंतरराष्ट्रीय कायदाही फारसा वेगळा नव्हता. संयुक्त राष्ट्रांचा १९७९ चा ‘सीडॉ’ करार स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्यासाठीच झाला, पण त्याच्या तीस कलमांत ‘हिंसा’ हा शब्दच नाही! ही उणीव करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने १९९२ मध्ये भरून काढली. स्त्री ही स्त्री आहे म्हणून होणारी हिंसा हा भेदभावच आहे, असे तिने आपल्या १९ व्या सर्वसाधारण शिफारशीत स्पष्ट केले.

खरी कलाटणी मिळाली ती जून १९९३ मध्ये, व्हिएन्नातल्या जागतिक मानवी हक्क परिषदेत. त्याआधी सुमारे पाच लाख सह्यांचे निवेदन जगभरातून गोळा झाले होते. परिषदेच्या वेळीच स्त्रियांनी स्वतःचे प्रतीकात्मक न्यायासन भरवले. ३३ जणींनी घरातल्या, युद्धातल्या, कामाच्या ठिकाणच्या अत्याचारांची साक्ष दिली. इतकी वर्षे ज्याबद्दल गप्प बसायला सांगितले गेले, ते त्या साऱ्या जगासमोर बोलल्या. स्त्रियांचे हक्क मानवी हक्कांचा अविभाज्य भाग आहेत हे परिषदेने मान्य केले आणि २० डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हिंसाचार निर्मूलनाचा जाहीरनामा स्वीकारला. रूढी, परंपरा किंवा धर्माची सबब पुढे करून कोणत्याही सरकारने जबाबदारी टाळू नये, असे त्याचे चौथे कलम सांगते. हिंसा करणारा घरचा असला तरी ती रोखणे, तिचा तपास करणे आणि शिक्षा देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. २५ नोव्हेंबरला आमसभेची मान्यता मिळाली ती त्यानंतर, १९९९ मध्ये.

जाहीरनामा बंधनकारक नव्हता. १९९४ मध्ये अमेरिका खंडातल्या देशांनी याच विषयावर केलेला बेलेम दो पारा करार मात्र बंधनकारक होता. ब्राझीलच्या मारिया दा पेन्या यांच्यावर १९८३ मध्ये नवऱ्याने झोपेत गोळी झाडली आणि त्यांना कायमचे अपंगत्व आले. पंधरा वर्षांहून अधिक काळ खटल्याचा अंतिम निकाल लागला नाही. २००१ मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाने याच कराराचा आधार घेत याबद्दल ब्राझील सरकारलाच जबाबदार धरले आणि २००६ मध्ये तिथे त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आला.

युरोपात २०११ मध्ये स्त्रियांवरील हिंसाचार रोखण्यासाठी इस्तंबूल करार झाला. त्याला सर्वांत आधी मंजुरी देणारा देश तुर्कस्तान. २०२१ मध्ये तोच देश करारातून बाहेर पडला. समलैंगिकता सर्वसामान्य ठरवू पाहणाऱ्यांनी हा करार बळकावला आणि ते आमच्या सामाजिक आणि कौटुंबिक मूल्यांशी विसंगत आहे, असे कारण सरकारने दिले. १९९३ च्या जाहीरनाम्याने जी सबब नाकारली होती, जवळपास तीच. तुर्कस्तानातल्या हजारो स्त्रिया या निर्णयाविरुद्ध रस्त्यावर उतरल्या.