मोबाईलची उंची आणि आमची लेव्हल: फरक का पडतो?

"अहो, तुमची लेव्हल चुकली की हो! मोबाईल ६७८ दाखवतोय आणि तुमच्या नकाशात ७५४ लिहिलंय." असा फोन आठवड्यातून एकदा तरी येतोच. फोनवर निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून आम्ही सर्व्हेवाल्यांनी हा कागद छापलाय. विहीर, पाइपलाइन, शेततळं किंवा ले-आउट, यातलं काही काम आमच्याकडे दिलं असेल तर आरएल (ठरलेल्या शून्यापासूनची उंची) म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे, तिथून सुरुवात करत नाही.

तुमचा मोबाईल खोटं बोलत नाही. त्याची स्वतःची पाच-दहा मीटरची चूक सोडली, तर तो बरोबरच मोजतो, फक्त त्याचं शून्य वेगळं आहे.

शून्य कुठलं?

आमचं शून्य समुद्रसपाटीचं. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली एम.एस.एल. लिहून मीटरचा आकडा असतो ना, तेच. देशाची ही पातळी १९०९ ची म्हणून ओळखली जाते. नऊ बंदरांवर भरती-ओहोटीच्या नोंदी वर्षानुवर्षं घेऊन ती ठरवली गेली, आणि त्या नऊ बंदरांत आपलं कारवारही आहे. म्हणजे खानापुरातल्या तुमच्या विहिरीच्या कठड्याचा आकडा शेवटी तिथल्या पाण्याशी जोडलेला आहे.

जीपीएसच्या उपग्रहाला समुद्र ठाऊक नाही. तो उंची मोजतो ती एका गणिती पृथ्वीपासून: ध्रुवांकडे किंचित चपटी, विषुववृत्ताशी त्रिज्या ६३७८.१३७ किलोमीटर, ध्रुवाशी साधारण ६३५६.७५२. हिला म्हणतात डब्ल्यूजीएस ८४. कागदावर ती अगदी गुळगुळीत आहे.

खरी समुद्रसपाटी मात्र गुळगुळीत नाही. पृथ्वीच्या पोटात वस्तुमान सगळीकडे सारखं भरलेलं नाही. जिथे ते कमी, तिथे ओढ कमी, आणि तिथली पातळी खाली बसते. हीच पातळी जमिनीखालूनही पुढे नेली आहे अशी कल्पना केली की झाला जिऑइड. या जिऑइडचा जगातला सगळ्यात खोल खळगा आपल्याच दक्षिणेला, श्रीलंकेच्या खाली हिंदी महासागरात आहे. तिथे पातळी गणिती पृथ्वीपेक्षा सुमारे १०६ मीटर खाली आहे. आपण त्या खळग्याच्या चढावर राहतो. मुंबईला हा फरक ६५ मीटरच्या आसपास, बेंगळुरूला ८५ च्या पुढे, आणि बेळगाव या दोघांच्या मधे असल्याने पाऊणशेच्या आसपास. काही मोबाईल आणि अ‍ॅप हा फरक स्वतःच दुरुस्त करून दाखवतात, काही करत नाहीत. म्हणून दोन मोबाईल शेजारी धरले तरी भांडण लागतं.

सूत्र एका ओळीचं: समुद्रसपाटीची उंची = जीपीएसची उंची वजा जिऑइडचा फरक. आपल्याकडे जिऑइड गणिती पृथ्वीच्या खाली आहे, म्हणजे फरकच उणे, म्हणून ६७८ − (−७६) = ७५४. उणे-उणे अधिक, हे शाळेत शिकलेलं इथे पैसे वाचवतं. घाईत सरळ ७६ वजा केलेले आम्ही पाहिलेत. आलं ६०२, म्हणजे एका चिन्हापायी १५२ मीटरचा घोळ.

खरा त्रास इथे होतो

मोबाईल बघून फोन केलात तर आम्हाला राग नाही. निम्मे आकडे आमचे आणि निम्मे जीपीएसचे एकाच कागदावर आणलेत, की मात्र आमचे दोन दिवस आणि तुमचे पैसे जातात.

खानापूर तालुक्यातलं एक काम सांगतो. नदीकाठच्या जॅकवेलची (पाणी उपसायच्या विहिरीची) लेव्हल आम्ही दिली होती, ६५५ मीटर. वरच्या माळावर टाकी बांधायचं नंतर ठरलं. टाकीची उंची पाहुण्यांपैकी कुणीतरी जीपीएसवर घेतली, ६८४. वजाबाकी २९ मीटर. त्या हिशेबाने मोटार घेतली, पाइप पुरले, नारळ फोडला. मोटार फिरते, खालचा पाइप थरथरतो आणि टाकीत थेंब नाही. आधी मोटारवाल्याला धारेवर धरलं, मग पाइपवाल्याला, मग आमचा नंबर लागला. ऑटो लेव्हल, म्हणजे आमचं उंची मोजायचं यंत्र, घेऊन गेलो, टाकीची उंची निघाली ७६०. चढ १०५ मीटरचा, त्यावर पाइपचं घर्षण वेगळंच. मोटार बदलावी लागली. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर होते, हीच त्यातली गंमत. तेव्हा मालकांना हसू आलं नव्हतं, आता येतं.

ड्रोनच्या नकाशांचंही तेच. ड्रोनवाल्याने दिलेली उंची कुठल्या शून्यापासून आहे, हे त्याच्याकडून लिहून घ्या. तोंडी नको.

"मग सगळीकडे ७६ मिळवले की झालं ना?" एका प्लॉटपुरतं चालून जाईल. लांबच्या कामात नाही, कारण जिऑइड सपाट नाही. मुंबई ते बेंगळुरू हा फरक वीसेक मीटरने वाढतो, म्हणजे सरासरी किलोमीटरला दोन-तीन सेंटीमीटर. पाटाला किलोमीटरला वीस सेंटीमीटर उतार धरला असेल, तर त्यातले दोन-तीन नुसते कागदावरचे असू शकतात. पाण्याला कागद वाचता येत नाही.

"जीपीएस असताना लेव्हलचे पैसे कशाला?"

गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन भिंतींवर खूण करतो. नळीची दोन टोकं दहा मीटर लांब असली तरी पाणी एका पातळीला येतं, कारण त्याला गुरुत्वाकर्षणाशिवाय दुसरं काही कळत नाही. ओळंबाही तसाच, आमच्या ऑटो लेव्हलच्या आतला लोंबता भागही तसाच. ज्या ओढीने पाणी वाहणार, त्याच ओढीने आमचं यंत्र जुळतं. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते आणि शेजारच्या उतारावरचं पाणी पश्चिमेला समुद्राकडे, तेही याच हिशेबाने.

खोलात गेलं तर पाणी मीटर मोजत नाही. वर चढवायला किती काम लागतं ते मोजतं, आणि त्या कामाला गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी मूल्याने भागलं की आमची उंची येते. हे मूल्य विषुववृत्ताशी ९.७८० आणि ध्रुवाशी ९.८३२ असल्यामुळे समान पातळीचे थर एकमेकांना समांतर नसतात. त्याची दुरुस्ती आपल्याकडे ७५० मीटर उंचीवर, दहा किलोमीटर उत्तर-दक्षिण गेल्यावर, जेमतेम तीन मिलिमीटर येते. ती आम्ही लावत नाही आणि तिचे पैसेही घेत नाही.

पैसे लागतात ते चालण्याचे. पृथ्वीची गोलाई आणि हवेतलं किरणांचं वळण मिळून एक किलोमीटरच्या नजरेत जवळपास पावणेसात सेंटीमीटर चूक येते. ती कापली जावी म्हणून आम्ही यंत्र दोन स्टाफच्या (आकडे लिहिलेल्या उभ्या पट्ट्यांच्या) मधोमध लावतो आणि थोडंथोडं पुढे सरकतो. शिवाय गेलो त्या वाटेने लेव्हल परत आणतो. चार किलोमीटरच्या कामात २४ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा चालतो, तेही आमच्या खर्चाने. "एकाच फेरीत करा, स्वस्तात द्या" म्हणणारे असतात, त्यांना आम्ही हात जोडतो. जीपीएसचं काम आम्हीही करतो. हद्दीसाठी, मोठ्या क्षेत्रासाठी ते उत्तम. त्यातही दोन-चार ठिकाणी लेव्हल जोडून घेतो आणि नकाशावर शून्य कुठलं ते लिहून देतो.

एवढं करा

नवं काम जुन्या कामाला जोडायचं असेल तर आमची जुनी शीट सोबत आणा. तिच्या कोपऱ्यात टीबीएमची, म्हणजे उंची ठरवून ठेवलेल्या खुणेची, जागा आणि आकडा असतो. शीट हरवली असेल तर ऑफिसात प्रत आहे, तिचे पैसे नाहीत. नवीन बिंदू दुसऱ्या कुणाकडून घेतलात तर त्याला आमच्या टीबीएमवर एक रीडिंग घ्यायला सांगा. दोन शून्यांमधला फरक तिथेच उघड होतो, आणि त्यासाठी आम्हाला बोलवायचीही गरज नाही.

आणि कठड्यावर किंवा मोरीवर लाल रंगाने काढलेला बाण म्हणजे तुमचा टीबीएम. गणपतीच्या आधी रंगकाम काढता तेव्हा तेवढा सोडून चुना मारा. मागच्या वर्षी तीन ठिकाणी तो पुसला गेला, आणि तिन्ही ठिकाणी आम्हाला पुन्हा लांबून लेव्हल आणावी लागली. त्याचं बिल मात्र लावावं लागलं.