मोफत मानसोपचारासाठी पिवळं रेशनकार्ड लागत नाही

‘सरकारी मानसोपचार म्हणजे येरवडा किंवा ठाण्याचं मनोरुग्णालय, आणि फुकट गोळ्या फक्त पिवळ्या कार्डावर’ हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 चं कलम 18 पाहा. सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत प्रत्येक मनोरुग्णाला मोफत मिळायला हवीत. उत्पन्नाची अट नाही. दारिद्र्यरेषेखालच्यांना आणि बेघरांना तर संपूर्ण उपचार मोफत आहेत, कार्ड हातात नसलं तरी.

घोळ होतो तो साठा संपल्यावर. ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकून लोक परततात, गोळ्या मध्येच तुटतात, आजार उलटतो. म्हणून आठवडाभराच्या गोळ्या उरलेल्या असतानाच जा. औषध नसेल तर तसं केसपेपरवर लिहून मागा आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. डॉक्टरांना न विचारता डोस अर्धा करून पुरवू नका.

आत्महत्येचे विचार येत असतील तर केसपेपरची वाट पाहायची नाही. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे: चोवीस तास, विनाशुल्क, मराठीतूनही. जीव तातडीच्या धोक्यात असेल तर 108.