डीएचसीपी रिले आणि प्रॉक्सी (बिनतारी जाळ्यांतील)

डीएचसीपी रिले आणि प्रॉक्सी : मोठ्या वाय-फाय जाळ्यांत मोबाइल, लॅपटॉप इत्यादी क्लायंटना दूरच्या डीएचसीपी सर्व्हरकडून (पत्ते आपोआप वाटणाऱ्या सर्व्हरकडून) आयपी पत्ता मिळवून देण्याच्या दोन पद्धती. पत्त्याची पहिली मागणी ब्रॉडकास्ट, म्हणजे सर्वांना उद्देशून सोडलेली, असते आणि राउटर ब्रॉडकास्टला पलीकडे जाऊ देत नाही. सर्व्हर मात्र बहुधा डेटा सेंटरमध्ये, वेगळ्या सबनेटवर (जाळ्याच्या उपविभागात) असतो. म्हणून मध्ये निरोप्या लागतो. रिलेमध्ये हा निरोप्या निरोप्याच राहतो; प्रॉक्सीमध्ये तो क्लायंटसमोर सर्व्हरचेच सोंग घेतो.

रिलेची कल्पना डीएचसीपीपेक्षा जुनी आहे. ती १९८५ च्या बूटपी प्रोटोकॉलमधून आली आणि मार्च १९९७ च्या आरएफसी २१३१ ने डीएचसीपीसाठी तशीच ठेवली.

कार्यपद्धती : क्लायंट ०.०.०.० या पत्त्यावरून, यूडीपी पोर्ट ६८ वरून, पोर्ट ६७ कडे ‘डिस्कव्हर’ (सर्व्हर शोधणारी पहिली मागणी) सोडतो. रिले एजंट त्या पॅकेटमधील ‘जीआयॲडर’ हा रकाना रिकामा असल्यास त्यात स्वतःच्या त्या व्हीलॅनवरील (स्विचवर आखलेल्या आभासी जाळ्यावरील) इंटरफेसचा पत्ता भरतो आणि पॅकेट सर्व्हरला थेट युनिकास्टने पाठवतो. या रकान्यावरून सर्व्हर दोन गोष्टी ठरवतो : पत्ता कोणत्या स्कोपमधून (पत्त्यांच्या साठ्यातून) द्यायचा आणि उत्तर कोणाकडे धाडायचे. वायरलेस डीएचसीपीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या दोहोंपैकी एकात सापडते. जीआयॲडर १०.२०.३०.१ असेल आणि सर्व्हरवर त्या सबनेटचा स्कोपच नसेल, तर सर्व्हर गप्प बसतो. स्कोप असेल पण सर्व्हरकडून १०.२०.३०.१ कडे परतीचा मार्ग नसेल, तर सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘ऑफर’ दिसते आणि फोनवर मात्र चाक फिरत राहते.

रिलेची मांडणी : कंट्रोलर (सर्व ॲक्सेस पॉइंट सांभाळणारे उपकरण) ब्रिजिंग पद्धतीने चालत असेल, तर तो ॲक्सेस पॉइंटकडून कॅपवॅप बोगद्यातून (दोघांमधील आभासी जोडणीतून) आलेले पॅकेट फक्त व्हीलॅनवर सोडतो. पुढचे काम त्या व्हीलॅनच्या लेअर ३ (राउटिंग करणाऱ्या) इंटरफेसचे. सिस्कोच्या स्विचवर तेथे ‘आयपी हेल्पर-ॲड्रेस’ ही आज्ञा सर्व्हरच्या पत्त्यासह द्यावी लागते. ही आज्ञा डीएचसीपीपुरती नसते, हे अनेकदा लक्षात येत नाही. ती मुळात पोर्ट ३७, ४९, ५३, ६७, ६८, ६९, १३७ आणि १३८ या आठही सेवांचे ब्रॉडकास्ट पुढे ढकलते. नेटबायोसचा (विंडोजच्या जुन्या नाव-सेवेचा) कचरा सर्व्हरवर नको असेल, तर १३७ आणि १३८ ‘नो आयपी फॉरवर्ड-प्रोटोकॉल यूडीपी’ने बंद करावेत. गेटवेची जोडी एचएसआरपीवर (एक राउटर बंद पडल्यास दुसऱ्याने काम घेण्याच्या सिस्कोच्या पद्धतीवर) असेल, तर दोन्ही राउटर मागणी पुढे पाठवतात आणि सर्व्हरवर ती दुहेरी दिसते. तो बिघाड नव्हे.

सिस्कोचा कॅटॅलिस्ट ९८०० कंट्रोलर मुळातच ब्रिजिंग करतो. त्याच्यावर क्लायंट व्हीलॅनसाठी लेअर ३ इंटरफेस असण्याची गरज नसते. तो कंट्रोलरवरही केला, त्याच्यावर हेल्पर लावला आणि वरच्या स्विचवरही हेल्पर राहिला, तर एकाच मागणीचे दोन वेगवेगळ्या जीआयॲडरचे रिले होतात. एका व्हीलॅनला रिलेची एकच जागा ठरवणे उत्तम. या कंट्रोलरचा अंतर्गत डीएचसीपी सर्व्हर वापरायचा असल्यास हेल्पर कंट्रोलरच्याच लूपबॅक पत्त्याकडे वळवावा लागतो.

प्रॉक्सी : सिस्कोच्या जुन्या, एअरओएस या कार्यप्रणालीच्या कंट्रोलरवर ही पद्धत मुळातच चालू असते. कंट्रोलर मागणी अडवतो, जीआयॲडरमध्ये आपल्या डायनॅमिक इंटरफेसचा पत्ता घालून ती सर्व्हरला पाठवतो, आणि उत्तर क्लायंटला देताना सर्व्हरच्या ओळखीच्या जागी आपल्या व्हर्च्युअल इंटरफेसचा पत्ता टाकतो. खरा सर्व्हर क्लायंटला कधीच दिसत नाही, आणि डीएचसीपीचे ब्रॉडकास्ट वायर्ड व्हीलॅनवर उतरत नाहीत. व्हर्च्युअल पत्ता म्हणून पूर्वी सर्रास १.१.१.१ टाकला जाई. एप्रिल २०१८ पासून त्या पत्त्यावर क्लाउडफ्लेअरची सार्वजनिक डीएनएस सेवा असल्याने आता १९२.०.२.१ वापरतात. हा बदल कंट्रोलर रीबूट केल्यावरच लागू होतो. म्हणून तो कामाच्या वेळेत करू नये.

प्रॉक्सीची अडचण मुख्यतः सर्व्हरच्या बाजूने येते. काही उपकरणे आपल्याच सबनेटवरच्या क्लायंटना पत्ते देतात, पण रिले होऊन आलेली मागणी स्वीकारत नाहीत. सिस्को एएसए फायरवॉलमधील डीएचसीपी सर्व्हर त्यांपैकी एक. तेथे ‘कॉन्फिग डीएचसीपी प्रॉक्सी डिसेबल’ करणे हाच उपाय. उलट एअरओएसचा अंतर्गत सर्व्हर प्रॉक्सीशिवाय चालत नाही. मोबिलिटी ग्रुपमधील (क्लायंट एकमेकांकडे सोपवणाऱ्या गटातील) सर्व कंट्रोलरवर ही सेटिंग एकसारखी हवी, नाहीतर रोमिंग करणारा क्लायंट अडकतो. फ्लेक्सकनेक्टमध्ये (शाखांतील ॲक्सेस पॉइंटसाठीच्या पद्धतीत) लोकल स्विचिंग, म्हणजे पॅकेट तेथल्या तेथेच जाळ्यात सोडणे, असेल, तर पॅकेट कंट्रोलरपर्यंत येतच नाही. शाखेच्या राउटरवरच रिले करावा लागतो.

पर्याय ८२ : रिले एजंटने मागणीला जोडलेली चिठ्ठी (आरएफसी ३०४६, २००१). तिच्यात ॲक्सेस पॉइंटचा मॅक पत्ता किंवा एसएसआयडी (वाय-फाय जाळ्याचे नाव) भरता येतो व सर्व्हर त्यावरून धोरण लावू शकतो. रिलेचा पत्ता एका सबनेटमधला आणि क्लायंटला पत्ता दुसऱ्यातला हवा असेल, तर उपपर्याय ५ वापरतात. विंडोज सर्व्हर २०१६ पासून तो ओळखतो, मात्र रिलेच्या पत्त्याचाही स्कोप तेथे नोंदवावा लागतो. सिस्को आयओएस (सिस्कोच्या स्विच-राउटरची कार्यप्रणाली) मुळात यासाठी स्वतःचा १५० हा क्रमांक वापरते. ‘आयपी डीएचसीपी कंपॅटिबिलिटी सबऑप्शन लिंक-सिलेक्शन स्टँडर्ड’ दिल्यावरच ५ जातो.

स्नूपिंगशी गाठ : ॲक्सेस स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (बनावट डीएचसीपी सर्व्हर रोखणारी तपासणी) चालू केले की स्विच पर्याय ८२ जोडतो, पण जीआयॲडर शून्यच ठेवतो. असे विसंगत पॅकेट वरचा आयओएस रिले निमूटपणे टाकून देतो. एकतर स्नूपिंगमधील पर्याय ८२ बंद करावा किंवा रिलेच्या इंटरफेसवर ‘आयपी डीएचसीपी रिले इन्फर्मेशन ट्रस्टेड’ द्यावे. प्रॉक्सी चालवणाऱ्या कंट्रोलरचे पोर्ट तर ट्रस्टेड (विश्वसनीय ठरवलेले) हवेच, कारण अनट्रस्टेड पोर्टवर जीआयॲडर भरलेले पॅकेट स्नूपिंग अडवते.

फायरवॉल आणि नूतनीकरण : रिले व सर्व्हर यांच्यात दोन्हीकडे पोर्ट ६७ असतो, ६८ नव्हे. ब्रिजिंगमध्ये लीजचा (पत्ता वापरण्याच्या मुदतीचा) अर्धा काळ सरला की क्लायंट स्वतःच्या पत्त्यावरून थेट सर्व्हरला युनिकास्ट करतो. फायरवॉलमध्ये फक्त रिलेच्या पत्त्याला वाट दिली असेल, तर ८ तासांच्या लीजमध्ये चौथ्या तासापासून नकार सुरू होतात, ८७.५ टक्के काळ, म्हणजे ७ तास झाले की क्लायंट पुन्हा ब्रॉडकास्ट करतो आणि रिलेमार्फत काम होऊन जाते. वापरणाऱ्याला काहीच जाणवत नाही, फायरवॉलचा लॉग मात्र भरून वाहतो. क्लायंटच्या सबनेटवरून सर्व्हरच्या पोर्ट ६७ ला परवानगी द्यावी.

लीज : विंडोज सर्व्हरची मूळ मुदत ८ दिवसांची आहे. पाहुण्यांच्या एसएसआयडीवर ती ठेवली, तर /२२ सबनेटचे १,०२२ पत्ते निघून गेलेल्या माणसांच्या फोनांनी अडवलेले राहतात. तेथे एक-दोन तास पुरतात.

‘डीएचसीपी रिक्वायर्ड’ : क्लायंटने डीएचसीपीतूनच पत्ता घ्यावा, अशी सक्ती. चोरून स्थिर पत्ता लावणाऱ्यांना ती रोखते. पण स्थिर पत्त्याचे प्रिंटर आणि बारकोड स्कॅनरही बाहेर पडतात. झोपेतून उठलेले एखादे उपकरण जुनी लीज वैध समजून मागणीच करत नाही, तोवर ३०० सेकंदांच्या आयडल टाइमआउटने कंट्रोलर त्याला विसरलेला असतो. ते ‘डीएचसीपी_रेक्वड’ अवस्थेत थांबते आणि शेवटी जोडणी तुटते. व्हॉइस एसएसआयडीवर ही सक्ती टाळावी.

तपासणी : एअरओएसवर ‘डीबग क्लायंट’, ९८०० वर ‘डीबग वायरलेस मॅक’ चालवून चार संदेश (डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲक) मोजावेत. नुसते डिस्कव्हरच पुन्हा पुन्हा येत असतील, तर सर्व्हरजवळ पॅकेट पकडून जीआयॲडर पाहावा. पॅकेट तेथे पोचलेच नसेल, तर चूक हेल्परची, व्हीलॅन ट्रंकवर न घेतल्याची किंवा वाटेतल्या फायरवॉलची; पोचले असेल, तर स्कोप आणि परतीचा मार्ग तपासावा. रिक्वेस्टला ‘नॅक’ (नकार) आला तर घाबरण्याचे कारण नाही : क्लायंटने दुसऱ्या व्हीलॅनमधला जुना पत्ता मागितला होता, आणि तो लगेच नव्याने डिस्कव्हर पाठवतो.