उष्मांक मोजणी

खाण्यापिण्यातून मिळणारी ऊर्जा मोजून ती शरीराच्या रोजच्या खर्चापेक्षा थोडी कमी ठेवायची आणि त्यातून वजन उतरवायचे, अशी ही पद्धत आहे. आहाराच्या संदर्भात कॅलरी म्हणजे किलोकॅलरी, अर्थात ४.१८४ किलोज्यूल. कर्बोदके आणि प्रथिने ग्रॅममागे सुमारे ४, मद्यार्क ७, तर स्निग्ध पदार्थ ९ कॅलरी देतात. गोव्याच्या घरगुती जेवणात हिशेब बहुधा या ९ पाशीच चुकतो. दोष शिताला (भाताला) दिला जातो आणि वाटणातले खोबरे व तव्यावरचे तेल मोजायचे राहून जाते.

रोजची गरज काढायला १९९० सालचे मिफ्लिन–सेंट जिओर सूत्र सर्रास वापरतात. वजनाच्या (किलो) १० पटीत उंचीची (सेंमी) ६.२५ पट मिळवावी आणि वयाची ५ पट वजा करावी. मग पुरुषांसाठी ५ मिळवावेत, स्त्रियांसाठी १६१ वजा करावेत. आलेल्या आकड्याला बैठे काम असल्यास १.२ने, थोडीफार हालचाल असल्यास १.३७५ने गुणतात. स्कूटरवरून कचेरीत जाणे ही हालचाल नव्हे. शंका असेल तर लहान गुणक घ्यावा.

चाळीस वर्षांची, ७० किलो वजनाची, १५५ सेंमी उंच स्त्री घेतली तर विश्रांतीतला खर्च १,३०८ आणि १.३७५ने गुणल्यावर दिवसाचा खर्च सुमारे १,८०० कॅलरी येतो. त्यातून ४०० वजा करून १,४०० ठेवले, तर आठवड्याला २,८०० कॅलरींची तूट पडते. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी, त्यामुळे आठवड्याला साधारण ३५० ग्रॅम वजन उतरावे. हा वेग संथ वाटतो, पण टिकतो तो हाच. एकदम ८००–९०० कॅलरी कापल्या की भूक अनावर होते, स्नायू झिजतात आणि चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) समोर आल्या की सगळा नेम मोडतो. स्त्रियांनी १,२०० आणि पुरुषांनी १,५०० च्या खाली डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय जाऊ नये.

मोजायला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरतो. तांदूळ कच्चाच तोलावा. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३५० कॅलरी असतात, तर शिजलेल्या तेवढ्याच भातात सुमारे १३०. कच्च्याचा आकडा शिताला लावला की हिशेब जवळजवळ तिप्पट होतो. पेजेत पाणी किती, हे पाहण्याची गरजच नाही. ४० ग्रॅम उकडा तांदूळ घातला असेल तर त्या पेजेत १४० कॅलरी.

हुमण, म्हणजे खोबऱ्याच्या वाटणातली मासळीची कडी, मोजताना आधी रिकामे भांडे तोलून ठेवावे. १५० ग्रॅम ओले खोबरे (सुमारे ५३०), वरून घातलेले चमचाभर खोबरेल (४०) आणि कांदा-मसाला-चिंच (३०) मिळून ६०० कॅलरी होतात. मासळीचे तुकडे बाजूला काढून उरलेली कडी १ किलो भरली, तर १०० ग्रॅमला ६० कॅलरी आणि १५० ग्रॅमच्या डावाला ९०. म्हणजे शीतकडी सोडायचे कारणच नाही. डाव किती वाढून घेतले, एवढे लक्षात ठेवायचे. मासळी वेगळी धरावी. १०० ग्रॅम मासळीत सुमारे २० ग्रॅम प्रथिने मिळतात आणि पोट भरलेले राहते. रवा लावून तळलेल्या तुकडीचे गणित मात्र वेगळे, कारण रवा तेल पितो. तळण्याआधी व नंतर तेलाची बाटली तोलावी आणि तव्यात उरलेले तेल वजा करावे. १४ ग्रॅम तेलालाच १२५ कॅलरी होतात.

पोई हा गोव्याचा पाव आतून पोकळ असल्याने आकारावरून अंदाज फसतो. तोलून ग्रॅममागे २.५ कॅलरी धराव्यात. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम काजूंच्या १६५ होतात. साठ मिलिलिटर फेणीतल्या नुसत्या मद्यार्काच्याच सुमारे १४० कॅलरी असतात, गोड सोडा घातला तर त्यातली साखर वेगळी.

वजन सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी घ्यावे आणि सात दिवसांची सरासरी पाहावी. खारे सुके मासे, लोणचे किंवा पापड खाल्ल्यावर शरीरात पाणी साठून दुसऱ्या दिवशी काटा किलोभर चढू शकतो. ती चरबी नसते. मासिक पाळीच्या आसपासही असेच होते. सूत्राचा आकडा हा केवळ आरंभबिंदू. तीन-चार आठवडे सरासरी हललीच नाही, तर आधी तेल, खोबरे आणि चहातली साखर पुन्हा तोलून पाहावी, मगच १०० कॅलरी कमी कराव्यात. वर सांगितलेल्या स्त्रीचे वजन ६३ किलोवर आले की तिचा दिवसाचा खर्चही सुमारे १०० कॅलरींनी घटतो. जुनाच आकडा धरून राहिल्यास वजन उतरण्याचा वेग मंदावतो.

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढीच्या वयातली मुले आणि खाण्याच्या मानसिक विकारातून गेलेल्यांनी ही मोजणी स्वतःहून करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खाणे कमी करण्याआधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा तपासून घ्यावी, नाहीतर साखर अचानक खाली जाते. हवे तेवढे वजन उतरल्यावर दर पंधरवड्याला १०० कॅलरी वाढवत जावे आणि सरासरी स्थिरावली की तिथे थांबावे.