वीस लाख कोटी ‘वाटले’ कुठे?

‘करोनात सरकारने उद्योगांना वीस लाख कोटी वाटले’ हे वाक्य अजूनही चहाच्या टपरीवर ठामपणे ऐकू येतं. वाटले नव्हते. 12 मे 2020 ला पंतप्रधानांनी मदत पॅकेजचा आकडा जाहीर केला, तो साधारण 20 लाख कोटींचाच. पण त्यातले 8 लाख कोटींहून जास्त तर रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी मोकळी केलेली रोकड होती. ती काही अनुदान नव्हे.

लघुउद्योगांसाठीचे ते गाजलेले 3 लाख कोटी घ्या. ते होतं कर्ज, तेही बँकांचं. सरकारने फक्त हमी दिली: उद्योजकाने बुडवलं तर आम्ही भरू. त्या हमीपोटी केंद्राने तरतूद केली 41,600 कोटींची.

समजा, इचलकरंजीतल्या एका यंत्रमागवाल्याकडे 29 फेब्रुवारी 2020 ला 50 लाखांचं कर्ज बाकी होतं. त्याला त्याच्या 20 टक्के, म्हणजे 10 लाख आणखी मिळू शकत होते, वेगळं तारण न देता. व्याज बँकेत जास्तीत जास्त 9.25 टक्के. पहिलं वर्ष मुद्दल नाही, नुसतं व्याज. पुढच्या तीन वर्षांत सगळं फेडायचं. ज्याच्या नावावर आधीचं कर्जच नव्हतं, त्याच्या वाट्याला या योजनेतून काहीच नाही. (आणि नेमका तोच माणूस ‘तुला किती मिळाले रे?’ या प्रश्नाने वैतागलेला असायचा.)

योजना निरुपयोगी होती असं नाही. अडलेल्या वेळी तारणाशिवाय पैसा मिळणं ही मोठीच गोष्ट. पण हप्ते मात्र कर्ज घेणाऱ्यालाच भरावे लागले.